देवदाराच्या बाटलीवर घर सोपवावं का?

प्रश्न : नेरुळहून एका वाचकाने (वय ३८) लिहिलं आहे. त्यांचं घर जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. घरात पत्नी, आठ महिन्यांची मुलगी, दम्याचा त्रास असलेली आई आणि एक मांजर. पावसाळा सुरू झाल्यापासून झुरळं आणि डास वाढलेत, पुस्तकांच्या कपाटात कसर लागलीय, आतल्या खोलीच्या भिंतीला बुरशी आलीय आणि दाराच्या चौकटीवर वाळवीची मातीची रेघ दिसू लागलीय. पत्नीचं म्हणणं, सरळ पेस्ट कंट्रोल करून टाकू. बाळ जिथे रांगतं तिथे औषध मारायला यांचं मन तयार नाही. मे महिन्यात मनालीहून त्यांनी देवदाराचं आणि पाइनचं तेल आणलं. ही तेलं जंतू आणि कीड दोन्ही मारतात असं बरंच वाचल्यामुळे रोज रात्री डिफ्युझर लावणं, फरशी पुसायच्या पाण्यात थेंब टाकणं, चौकटीला तेल चोळणं सुरू आहे. 'हडिंबा मंदिर इतकी शतकं उभं आहे ते देवदारामुळेच ना?' असं ते विचारतात. पत्नी म्हणते, या वासाने आईंचा खोकला वाढलाय. सध्या दोघांत अबोला आहे. 'रसायनांकडे जाणं मला हरल्यासारखं वाटतं. माझं चुकतंय का?'

उत्तर :

नमस्कार,

सगळ्यात आधी एक काम. आज रात्री डिफ्युझर लावू नका. कारण पुढे सविस्तर सांगते, पण तोवर आईंना त्या वासात आणखी एक रात्र काढायला लावू नका. खोकला दोन-तीन दिवसांत कमी झाला नाही, किंवा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागत असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि घरात कोणतं तेल उडत होतं तेही सांगा. धाप लागत असेल तर दोन-तीन दिवसही थांबू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही. 'तेलाबिलाने काही होत नाही' असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतील, पण तेही खरं नाही. झाडाला जागचं हलता येत नाही. भुंगेरे साल पोखरून आत शिरले किंवा जखमेतून बुरशी घुसली, तर देवदार-पाइनसारखं सूचिपर्णी झाड आपली राळ आणि त्यातली तेलं पुढे करतं. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या खोडाला खाच पाडली की चिकट चीक ओघळतो. त्याचं ऊर्ध्वपातन केलं की टर्पेंटाइन मिळतं आणि मागे राळ उरते. टर्पेंटाइनमध्ये पायनीन, कॅरीन अशी हलकी, भराभर उडून जाणारी द्रव्यं असतात. देवदाराच्या लाकडाचं तेल त्याहून जड. त्यात हिमाचलीन आणि अॅटलांटोन गटातली द्रव्यं असतात. हिमाचलीनच्या रेणूची रचना १९६०च्या दशकात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव यांच्या गटाने उलगडली होती. सांगायचा मुद्दा, हा विषय वैज्ञानिकांनी कधीच हसण्यावारी नेलेला नाही.

ही द्रव्यं तेलात विरघळणारी असल्यामुळे जंतूच्या पेशीभोवतीच्या पातळ आवरणात शिरतात आणि ते गळकं करतात. किड्याच्या अंगावरच्या मेणचट थरातून आणि श्वासाच्या छिद्रांतून आत जाऊन त्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम करतात. बरेचदा नुसता वासच किड्याला दूर ठेवतो. हे सगळं प्रयोगांत दिसलेलं आहे.

पण प्रयोग होतो कुठे? नेहमीच्या प्रयोगात जंतू वाढवतात ती झाकणाची बशी जेमतेम ९ सेंटिमीटर व्यासाची असते. तेलाचा थेंब आणि जंतू तिथे तासन् तास एकमेकांशेजारी कोंडलेले असतात. तुमचा हॉल म्हणजे खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि डिफ्युझरमधून हवेत जाणारे चार थेंब. बशीत जंतू मरायला जेवढं तेल लागतं तेवढं त्या हॉलच्या हवेत भरायचं म्हटलं, तर जंतूंच्या आधी घरातली माणसं बाहेर पळतील. 'तेल काम करतं का' या प्रश्नाचं उत्तर 'हो' असूनही तुमच्या घरातली झुरळं मजेत आहेत, त्याचं कारण हे.

हडिंबा मंदिराचं तुमचं उदाहरण मला आवडलं, म्हणून त्यावर जरा थांबते. मंदिर १५५३ सालचं. देवदार टिकतो ही गोष्ट खरीच, पण टिकतं ते गाभ्याचं लाकूड. सालीलगतचं कोवळं लाकूड देवदाराचंसुद्धा किडतं. गाभ्यातलं तेल पेशींमध्ये कोंडलेलं असतं आणि अगदी सावकाश बाहेर येतं. शिवाय छपरं उतरती, त्यामुळे पाणी लाकडावर साचून राहत नाही, आणि मनालीची हवा थंड. तुम्ही बाटलीत आणलंत ते लाकडातून बाहेर काढलेलं, मोकळं झालेलं तेल. ते चौकटीवर चोळलं की त्यातला हलका भाग काही तासांत आणि जड भाग काही दिवसांत उडून जातो. पाइनचं तेल तर दुसऱ्या दिवशी जवळजवळ नसतंच. आणि तुमची चौकट नेरुळच्या जुलैमध्ये ओल्या भिंतीला चिकटून उभी आहे.

आता त्या 'नैसर्गिक' आणि 'रसायन' या दोन रकान्यांबद्दल. माझ्या मते तुमच्या घरातल्या भांडणाचं मूळ तिथे आहे, कारण तुम्ही एका रकान्यात उभे आहात आणि पत्नी दुसऱ्या रकान्यात आहे असं तुम्ही धरून चालला आहात. घरात जरा नजर फिरवा. रंगारी ज्यात ब्रश धुतो ते अस्सल टर्पेंटाइन पूर्णपणे झाडाचं असतं, पण रांगतं बाळ ते प्यायलं तर ते फुप्फुसात उतरून जिवावर बेतू शकतं. देवघरातला कापूर आज बहुतांशी कारखान्यात तयार होतो, आणि त्याचा कच्चा माल असतो पाइनच्या टर्पेंटाइनमधलं पायनीन. फरशी पुसायच्या पांढऱ्या फिनाइलमध्येही पाइन ऑइलच असतं. डासांच्या कॉइलमधली अॅलेथ्रिनसारखी औषधं शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांतल्या द्रव्यांवरून बेतलेली आहेत. यातलं कुठलं नैसर्गिक आणि कुठलं रसायन? बाळाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की ती वस्तू किती आहे, कुठे ठेवली आहे आणि बाळाच्या तोंडात, त्वचेवर किंवा श्वासात जाऊ शकते का.

या कसोटीवर तुमचा डिफ्युझर सगळ्यात वाईट ठरतो, कारण तो तेल थेट सगळ्यांच्या श्वासात सोडतो. दम्याच्या माणसाची श्वासनलिका अशा वासाने आवळू शकते. त्यात ही टर्पीन द्रव्यं हवेतल्या ओझोनशी मिळाली की त्यातून फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे जे टाळायला तुम्ही निघालात तेच थोड्या प्रमाणात घरात तयार होतं. मांजराची अडचण आणखी वेगळी. अशी द्रव्यं शरीराबाहेर टाकायला यकृतात जी प्रक्रिया लागते ती मांजरात फार दुबळी असते. हवेतले थेंब तिच्या केसांवर बसतात आणि ती अंग चाटते. माणसाला न जाणवणारी मात्रा तिला आजारी पाडू शकते. बाळाच्या अंगाला, उशीला किंवा टोपीला ही तेलं लावत असाल तर तेही थांबवा. ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला बांधायची आपल्याकडे सवय आहे. दोन वर्षांखालच्या मुलाजवळ कापूर नको, तो तोंडात गेला तर झटके येऊ शकतात.

आईंनी 'बाळंतकाढ्यात देवदार असतोच की' असं म्हटलं, तर त्यांना समजावून सांगा की काढ्यात लाकडाचा तुकडा पाण्यात उकळलेला असतो. बाटलीतल्या काही थेंबांत कितीतरी लाकडाचा अर्क एकवटलेला असतो. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

फरशीचं थोडक्यात. बादलीभर पाण्यात टाकलेले पाच-सहा थेंब पाण्यात मिसळतच नाहीत, वर तरंगतात. जंतू मरत नाहीत आणि फरशीवर कुठेतरी तेलाचा जाड पट्टा राहतो, नेमका बाळाच्या तळव्याखाली. रांगत्या बाळाच्या फरशीला साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी पुरतं. शी-शू सांडली तर तेवढी जागा जंतुनाशकाने पुसा, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओली ठेवा, मग पाण्याने पुसून घ्या. मांजर असल्यामुळे फिनाइल शक्यतो टाळा.

आता एकेका पाहुण्याकडे बघू.

वाळवीला मी पहिला नंबर देईन. चौकटीवरची ती मातीची नळी पेन्सिलीएवढी जाड असते. सुरीच्या टोकाने तिचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मधोमध पाडा आणि नीट बघा. आत पांढुरक्या, मऊ कामकरी वाळव्या धावताना दिसतील, किंवा नळी रिकामी असेल. एक-दोन दिवसांनी परत बघा. तुटलेला भाग ओल्या मातीने पुन्हा जोडला असेल तर रहदारी चालू आहे. यात देवदाराचं तेल काय करेल? ज्या किड्याला थेट लागेल तो मरेलही. बाकीच्या वासाला टाळून चौकटीच्या मागून, भिंतीच्या फटीतून किंवा शेजारच्या कपाटातून रस्ता काढतील, कारण त्यांची वसाहत आणि राणी इमारतीखालच्या मातीत आहे. उलट तुमची खात्रीची खूण, म्हणजे ती नळी, दिसेनाशी होईल आणि सहा महिन्यांनी कपाट पोकळ निघेल. म्हणून चौकटीला तेल चोळणं थांबवा. हल्ली वाळवीसाठी वापरतात त्या इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल अशा औषधांचा वाळवीला सुगावा लागत नसल्याने ती त्यांना टाळत नाही, त्यातून जाते आणि ते सोबत्यांपर्यंत पोचवते. ती फरशी-भिंतीच्या सांध्यात भोकं पाडून आत सोडतात आणि भोकं बुजवतात, म्हणजे बाळ जिथे रांगतं त्या पृष्ठभागावर औषध पसरवायचं नसतं. उभ्या इमारतीत हे कसं करावं याचं भारतीय मानकही आहे, आयएस ६३१३, भाग ३. आणि तळमजल्यावर वाळवी आली की तो एका घराचा प्रश्न राहत नाही. सोसायटीच्या कमिटीला लेखी पत्र द्या. एकट्या तुमच्या घरात औषध घालून शेजारच्या भिंतीतून ती परत येईल आणि खर्च दोनदा होईल.

झुरळांसाठी जेल मागा. बिजागरीच्या मागे, सिंकखाली, फ्रिजच्या पाठीमागे मटाराएवढे ठिपके लावतात. स्वयंपाकघर रिकामं करावं लागत नाही, हवेत फवारा नाही. ठिपके बाळाच्या आणि मांजराच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी हवेत एवढंच. इथे तुमच्या तेलाचा एक तोटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जेल हे आमिष आहे, झुरळाने ते खायला हवं. त्याच कपाटात तुम्ही उग्र वासाचं तेल शिंपडलंत तर झुरळं त्या जागेपासून दूर राहतील आणि जेल तसंच वाळून जाईल. तेल आणि जेल एकत्र वापरू नका. रात्री खरकटी भांडी आणि ओलं सिंक ठेवू नका, हे पत्नीला नाही, घरातल्या सगळ्यांना सांगतेय.

डासांच्या बाबतीत हवेतल्या वासापेक्षा पाणी बघा. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजखालचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली, ग्रिलमध्ये ठेवलेला जुना डबा, सगळं रिकामं करून घासायचं. नुसतं ओतलं तर कडेला चिकटलेली अंडी राहतात. तळमजल्यावर खिडक्यांना जाळ्या आणि बाळाला मच्छरदाणी, दुपारच्या झोपेतसुद्धा. सूचिपर्णी तेलांनी डासांच्या अळ्या मरतात हे प्रयोगशाळेत दिसलं आहे, पण ती तेलं पाण्यात फार काळ टिकत नाहीत. पाणी ओतून देणं त्याहून खात्रीचं आणि फुकट.

बुरशीचं मूळ शोधल्याशिवाय काहीही चोळू नका. वरच्या घरातलं बाथरूम त्या भिंतीला लागून आहे का? बाहेर पावसाच्या पाण्याचा पाइप फुटलाय का? अंगणाची पातळी तुमच्या फरशीपेक्षा उंच झालीय का? रस्ते आणि आवारं पुन्हा पुन्हा भरून उंच केल्यामुळे जुन्या इमारतींच्या तळमजल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. गळती बंद होईपर्यंत भिंत साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडी करा, पलंग आणि कपाट भिंतीपासून वीतभर लांब ओढा. तेलाचा वास बुरशीच्या वासाला झाकतो आणि आईंचा दमा मात्र बुरशीच्या बीजाणूंनीही वाढत राहतो. ओल कमी झाली की कसर आणि वाळवी दोघांचाही जोर कमी होतो, म्हणून पैसे कमी असतील तर आधी प्लंबरवर खर्च करा.

मग मनालीच्या तेलाला घरात जागाच नाही का? आहे, आणि चांगली जागा आहे. बंद ट्रंक आणि पुस्तकांचं कपाट. जिथे हवा कोंडलेली असते, जागा लहान असते आणि माणूस श्वास घेत नाही, तिथे बशीतल्या प्रयोगासारखी परिस्थिती थोडीफार जमते. लोकरीचे कपडे, शाली, पैठण्या आधी धुऊन किंवा झटकून, कडक उन्हाच्या दिवशी वाळवून घ्या. कपड्यांवरची अळी घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर जास्त पोसते. मग देवदाराच्या लाकडाचा तुकडा, किंवा तेलाचे दोन-तीन थेंब टाकलेला कापसाचा बोळा उघड्या झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. तेल कापडाला लागू देऊ नका, डाग पडतो. वास उतरला की लाकडाला पॉलिश पेपर घासा किंवा बोळा बदला. यामुळे लहान अळ्या आणि कसर दूर राहायला मदत होते. आधीच लागलेल्या मोठ्या अळ्या याने मरतील अशी आशा धरू नका, त्या उन्हाने आणि ब्रशने काढाव्या लागतात. पुस्तकांचं कपाटही आधी रिकामं करून पुसा, एकेक पुस्तक फडफडवा. यात एक फायदा असा की बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवाव्या लागणार नाहीत. नॅफ्थलीनच्या गोळ्यांमुळे काही बाळांना, विशेषतः ज्यांना जन्मतः जी६पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते त्यांना, रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. ही अदलाबदल मी मनापासून सुचवते. बाळाच्या कपड्यांत मात्र देवदाराचं तेलही नको, स्वच्छ धुतलेले आणि कोरडे कपडे पुरेत.

बाटल्या घट्ट झाकणाच्या, गडद काचेच्या, थंड जागी आणि कुलुपात ठेवा. हवा लागून जुनं झालेलं पाइनचं तेल त्वचेला जास्त चुरचुरतं आणि त्याने अॅलर्जी होऊ शकते. टर्पेंटाइनसारख्या तेलाची वाफ साधारण ३५ अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणून गॅस आणि निरांजनापासून लांब. बाळाने चुकून तोंडाला लावलंच तर उलटी करवू नका, उलटीतून तेल फुप्फुसात जातं. १०८ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.

'हरल्यासारखं' हा तुमचा शब्द मी परत परत वाचला. बाप झाल्यावर माणूस घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघू लागतो, ही चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या पत्नीलाही त्याच बाळाची काळजी आहे. ती फवारणी मागते आहे कारण रात्री दूध गरम करायला उठल्यावर ओट्यावर झुरळं दिसत असतील. आणि आईंच्या खोकल्याकडे तिने आधी लक्ष दिलं, तुम्ही नाही, हे तिला सांगायला लाजू नका. 'तुझं बरोबर होतं, डिफ्युझर बंद केलाय' एवढ्या वाक्याने अबोला सुटायला सुरुवात होईल.

मग दोघं मिळून पेस्ट कंट्रोलवाल्याशी बोला आणि फोनवरच विचारा. कोणतं औषध, त्याचं नाव काय? डब्यावर फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आहे का? डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा? हिरवा सगळ्यात सौम्य, मग निळा, मग पिवळा, लाल सगळ्यात जहाल. 'हर्बल आहे, काही होत नाही' असं सांगणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारा, कारण नाव न सांगितलेलं हर्बल औषध मला नाव सांगितलेल्या जेलपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. घरात रांगतं बाळ, दम्याचा रुग्ण आणि मांजर आहे हे स्पष्ट सांगा. मांजर असल्यामुळे पर्मेथ्रिनचा फवारा नको, हेही नाव घेऊन सांगा. सगळ्या घरभर फवारा न मारता जेल आणि वाळवीची भोकं एवढंच करायला लावा. त्या दिवशी आई, बाळ आणि मांजर नातेवाइकांकडे पाठवा. परत येण्याआधी किती तास खिडक्या उघड्या ठेवायच्या ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि वाळवीच्या कामाची वॉरंटी किती वर्षांची आहे तेही त्याच कागदावर.